पेट्रोल ऑटोमॅटिक की स्ट्राँग हायब्रिड? रनिंग सगळं खान्देशातलं

बोरीकाठ, अमळनेर

मंडळी, नमस्कार. पंधरा दिवस घरात दुसरा विषय नाही, म्हणून शेवटी इथे आलो.

माझ्याकडे 2012 ची डिझेल स्विफ्ट आहे. 1,87,000 किलोमीटर झालेत, पुढच्या वर्षी पासिंग संपतंय. गाडीने कधी दगा दिला नाही, पण आईचे दोन्ही गुडघे गेलेत आणि तिला खाली वाकून त्या सीटवर बसवत नाही. म्हणून जरा उंच गाडी घ्यायची ठरली. ग्रँड विटारा किंवा हायरायडर. दोन्ही मुळात एकच, त्यामुळे त्यात वाद नाही. वाद इंजिनावर आहे.

मी शाळेत शिक्षक. गावात स्कूटरच चालते. कारचं काम म्हणजे दर आठवड्याला आईला घेऊन जळगाव, धरणगावमार्गे, जाऊन-येऊन 120 किमी. महिन्यातून एकदा नाशिक, मुलगी तिथे शिकते, ती फेरी 390 च्या आसपास. बाकी बेटावदकडे शेत आहे तिकडे, आणि लग्नसराईत जिकडे पत्रिका येईल तिकडे. वर्षाचे 12,000 किमी, थोडं इकडेतिकडे.

कोटेशन हातात आहेत. एकाच दर्जाच्या मॉडेलमध्ये पेट्रोल मॅन्युअलपेक्षा हायब्रिड ऑनरोड 3 लाख 30 हजारांनी महाग पडतेय. कंपनीचा आकडा हायब्रिडला 27.97, मॅन्युअलला 21.11. धाकटा म्हणतो, दादा, डोळे झाकून हायब्रिड घे, पेट्रोल कुठे स्वस्त होणार आहे? मेहुणा म्हणतो बॅटरी गेली की दीड-दोन लाखांना बसशील. आणि पेट्रोलवाल्या गाडीच्या कागदावरही ‘स्मार्ट हायब्रिड’ लिहिलंय, मग मी नक्की कशात निवड करतोय हेच कळेना. मे महिन्यातलं आपलं ऊन त्या बॅटरीला सोसतं का, तेही सांगा. जाहिरातीतलं नको, वापरणाऱ्यांनी सांगा.

दगडीपूल, चोपडा

सर, सीएनजी घ्या आणि मोकळे व्हा. रोड टॅक्ससुद्धा कमी लागतो.

बोरीकाठ, अमळनेर

भाऊ, विचार केला होता. पण डिकीत टाकी. आईची फोल्डिंगची खुर्ची, वॉकर आणि शेतावरून येणारं गव्हाचं पोतं कुठे ठेवू? टपावर?

भुसावळची_ताई

सर, तुमच्या प्रश्नात एक चूक आहे, आधी ती काढते. हायब्रिड आपोआपच ऑटोमॅटिक असते, तिला क्लच नाही, गिअर नाहीत. तिची तुलना मॅन्युअलशी करून फरक सव्वातीन लाख म्हणणं बरोबर नाही. पेट्रोल ऑटोमॅटिकचं कोटेशन मागवा आणि मग फरक बघा.

मी रोज भुसावळ ते जळगाव गाडी चालवते, वर्षाला तेरा हजार किमी होतात. पेट्रोल ऑटोमॅटिक आहे. आधी मॅन्युअल होती, आणि अजिंठा चौफुलीपासून आकाशवाणी चौकापर्यंत संध्याकाळी डाव्या पायाचं जे व्हायचं ते मलाच माहीत. आता क्लचवाल्या गाडीत बसायची इच्छा होत नाही.

आणि अख्ख्या पोस्टमध्ये वहिनींचं नाव नाही. त्या चालवतात का? चालवणार आहेत का? तुम्हाला शाळेतून सुटी मिळाली नाही त्या आठवड्यात आईंना जळगावला कोण नेणार? मायलेज नंतर काढा, हे आधी घरात विचारा.

पांझरापार, धुळे

सर, माझ्याकडे स्ट्राँग हायब्रिड आहे, दोन वर्षं आठ महिने झाले. स्पेअर पार्टचा होलसेलचा धंदा, देवपुरात राहतो. दिवसभर धुळ्यात दुकान ते दुकान, आणि आठवड्यातून तीन दिवस शिरपूर, दोंडाईचा, साक्री. वर्षाला 22,000 किमी. पेट्रोल भरलं की डायरीत लिहायचं ही वडिलांची सवय, ती माझ्यातही उतरली. त्यामुळे खाली जे आकडे देतोय ते टाकी फुल ते टाकी फुल असे आहेत, मीटरवरचे नाहीत. मीटर हा सासरच्या माणसासारखा असतो, नेहमी थोडं वाढवून सांगतो.

आधी तुमच्या कागदाचा घोळ. ‘स्मार्ट हायब्रिड’ म्हणजे माइल्ड. बैलगाडी चढावर अडली की मागून हात लावणारा गडी असतो ना, तेवढंच त्या मोटरचं काम. गाडी नुसत्या विजेवर एक फूटही चालत नाही. स्ट्राँगमध्ये दुसरा बैलच जुंपलेला आहे. तो एकटासुद्धा गाडी ओढतो, दोघं मिळूनही ओढतात. तेव्हा तुमची निवड खरं म्हणजे साधं पेट्रोल की स्ट्राँग अशी आहे. माइल्डला मी हायब्रिड म्हणतच नाही.

आता मुद्दा. स्ट्राँग हायब्रिड पेट्रोल वाचवते कुठे? ब्रेक मारतो तिथे. साध्या गाडीत ब्रेक दाबला की वेगाची ताकद डिस्क तापवण्यात जाते आणि संपते. हायब्रिडमध्ये तीच मोटर जनरेटर होऊन वीज करते, ती बॅटरीत जाते आणि पुढच्या उठावाला वापरली जाते. सिग्नलला इंजिन बंद, गल्लीत इंजिन बंद, बाजारात रांगेत उभे तरी इंजिन बंद. पण फागण्यापासून पारोळ्यापर्यंत चौपदरीवर ऐंशी-नव्वदने सरळ चाललात, ब्रेकला पायच लावला नाही, तर वाचवायला आहे काय? मग इंजिनच गाडी ओढतं, आणि मोटर-बॅटरीचं वजन सोबत फिरतं. इंजिन मुळात काटकसरी बांधणीचं आहे म्हणून तरी साध्या पेट्रोलपेक्षा बरं देतं, पण गावात पडतो तेवढा फरक पडत नाही.

माझी डायरी अशी: धुळे गावात वर्षाची सरासरी 23. हायवेला 21.5. बघा, हायवेला कमी! साध्या गाडीचं नेमकं उलट असतं. माझ्या भाच्याकडे हीच गाडी पेट्रोल ऑटोमॅटिक आहे, त्याला मीच डायरी लावून दिली. त्याची गावात 10.5, हायवेला 16. कंपनी तिला 20.58 सांगते.

तुमचे 12,000 किमी मी मांडले. जळगाव आणि नाशिक धरून 10,500 मोकळ्या रस्त्याचे, 1,500 गावातले-गर्दीतले. पेट्रोल ₹105 धरलं.

मोकळ्या रस्त्यावर पेट्रोल गाडीला किलोमीटरला 6.56 रुपये, हायब्रिडला 4.88. वाचतात 1.68. वर्षाचे झाले 17,640. गावात 10 रुपये विरुद्ध 4.57, म्हणजे वाचतात 5.43, त्याचे 8,145. दोन्ही मिळून पंचवीस हजार आठशेच्या आत.

ताईंनी सांगितलेलं अगदी बरोबर आहे, ऑटोमॅटिकशीच तुलना करा. तो फरक बहुतेक 1 लाख 90 हजारांच्या घरात येईल. तरी तुम्हाला पैसे वसूल व्हायला सव्वासात ते साडेसात वर्षं. माझे गावातले 8,000 आणि हायवेचे 14,000 आहेत, मला वर्षाला 67,000 च्या जवळ वाचतात, तीन वर्षांच्या आत फिटतेय. एकच गाडी. फरक रस्त्यात आहे. लोक विचारतात ‘वर्षाचं रनिंग किती?’ अहो, रनिंग किती हे अर्धंच झालं, ते कुठलं तेही सांगा.

उन्हाचं. बॅटरी केबिनमधल्या हवेने थंड होते. मागच्या सीटजवळ एक जाळी असते, तिथून ती हवा ओढते. म्हणजे तुम्ही गार तर बॅटरी गार. 45 डिग्रीत उन्हात लावलेली गाडी उघडली की पहिली दहा मिनिटं इंजिन थांबतच नाही, कारण एसीचा कॉम्प्रेसर विजेवर आहे आणि तो बॅटरी चाटून-पुसून खातो. बॅटरी आहेच केवढी? त्यात पाऊण युनिट वीज मावते. पाऊणच! घरातली इस्त्री तासभर चालणार नाही. मे महिन्यात माझी गावातली सरासरी 18.5 वर येते, थंडीत 25 ला जाते. पण बंद पडणं, तापणं, दिवा लागणं, अजून तरी काही नाही. आणि बॅटरीला वॉरंटी 8 वर्षं किंवा 1,60,000 किमी आहे. तुमच्या रनिंगने 8 वर्षांत 96,000 होतील, म्हणजे मेहुण्यांनी निदान तोवर काळजी करू नये.

मला त्रास झाला तो वेगळ्याच बॅटरीचा, साध्या बारा व्होल्टच्या. श्रावणात कानबाईच्या सणाला चार दिवस गावी गेलो, गाडी घरी, डिकी नीट लागली नव्हती, आतला दिवा जळत राहिला. आलो तर गाडी ठार. मोठ्या बॅटरीत वीज आहे पण तिला जागं करणारी छोटीच मेलेली. ढकलून चालू होत नाही. शेजाऱ्याच्या गाडीवरून केबल लावली आणि मग उठली. चूक माझीच.

घाटाचं एक राहिलं. कन्नड घाट उतरताना वाटतं, आता फुकट वीज भरेल. अर्ध्या घाटातच बॅटरी भरते, आणि मग बी मोडमध्ये इंजिन नुसतंच घुमत उतरतं. पहिल्यांदा बायको घाबरली होती.

एक गोष्ट मात्र पैशात येत नाही. पहाटे पाचला गल्लीतून निघतो, आवाज नाही, धक्का नाही. ती चैन आहे. चैन म्हणून घेणार असाल तर बिनधास्त घ्या. हिशेब म्हणून घेऊ नका.

दगडीपूल, चोपडा

आप्पा, सरकार हायब्रिडला टॅक्स माफ करतंय असं ऐकलं होतं, त्याचं काय?

पांझरापार, धुळे

ते उत्तर प्रदेशात, जुलै 2024 मध्ये, रजिस्ट्रेशनचा टॅक्स माफ केला. आपल्याकडे हायब्रिडला पेट्रोलचाच टॅक्स लागतो: दहा ते वीस लाखांत 12 टक्के. म्हणजे गाडी जेवढी महाग तेवढा टॅक्सही जास्त, फरक आणखी फुगतो. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून या मापाच्या दोन्ही गाड्यांना जीएसटी सरसकट 40 टक्के झाला. त्याआधी पेट्रोलला 45 होता, हायब्रिडला 43. दोन टक्क्यांची जी काय कड होती तीही गेली.

गिरणातीर, चाळीसगाव

माझं गॅरेज आहे. प्रामाणिकपणे सांगतो, हायब्रिड आली तर मी ऑइल, फिल्टर, ब्रेक, सस्पेन्शन करतो. नारिंगी केबल दिसली की हात मागे. ती हाय व्होल्टेजची असते, त्याचं शिक्षण वेगळं. त्यासाठी अधिकृत वर्कशॉपच. ब्रेक पॅड मात्र हायब्रिडचे खूप टिकतात, मोटरच बरंचसं थांबवते ना.

आप्पांनी जाळी सांगितली, तिच्यामागे फिल्टर असतो. जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांनी तो दर सर्व्हिसला बघायलाच लावावा. एका गिऱ्हाइकाच्या गाडीत रुईचा असा थर बसला होता की गोधडी शिवता आली असती. आणि त्या जाळीसमोर पिशव्या कोंबायच्या नाहीत.

सर, गव्हाचं पोतं म्हणालात. स्ट्राँगची डिकी उघडून बघितलीत का? बॅटरी खाली असल्यामुळे तळ उंच आलाय.

बोरीकाठ, अमळनेर

सगळ्यांचे आभार, आणि ताई, तुमची खास माफी. घरात विचारलं. बायको म्हणाली, “स्विफ्ट घेऊन चौदा वर्षं झाली, पहिल्यांदा विचारताय.” तिच्याकडे लायसन्स आहे, आमच्या लग्नाआधीचं, दोनदा रिन्यू केलेलं. क्लचच्या भीतीने स्विफ्टला हात लावला नव्हता एवढंच. तेव्हा मॅन्युअल बाद.

रविवारी दोन्ही गाड्या चालवून पाहिल्या, आईला सोबत घेऊन. हायब्रिड निघाली ती आवाजच नाही. आई दोन मिनिटांनी म्हणाली, “चालू कर ना रे.” म्हटलं आई, आपण चौकात आलो. सांगायची गोष्ट अशी की मला ती गाडी फार आवडली. पेट्रोल ऑटोमॅटिक चढावर जोर दिला की ओरडते, तीन सिलिंडरची हायब्रिडसुद्धा ओरडते, पण गावात ती ज्या शांतपणे सरकते त्याला तोड नाही.

मग डिकी उघडली. वॉकर आडवा जाईना. उभा ठेवला तर खुर्ची राहीना. सेल्समन बिचारा मागची सीट पाडून दाखवू लागला. आई मागच्याच सीटवर बसलेली, तिथूनच म्हणाली, “आन् मना पाय बसतीन का आठे?”

पेट्रोलच्या डिकीत वॉकर, खुर्ची आणि वर माझी एक बॅग आरामात गेली.

कोटेशन मागवलं. आप्पा, तुमचा अंदाज चुकला: फरक 1 लाख 88 हजार निघाला, 1 लाख 90 नव्हे. दोन हजारांची चूक, शिक्षक आहे म्हणून गुण कापतो.

रात्री सगळे आकडे वहीत उतरवले. सव्वासात वर्षांनी पैसे फिटतील, तोवर मुलीचं नाशिक संपलेलं असेल, म्हणजे रनिंग आणखी कमी. आणि आईच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरतंय, ते दोन लाख तिथे लागणार आहेत. धाकट्याला हे सगळं दाखवलं, तो म्हणाला, “बरं.” त्याच्या तोंडून हा शब्द मी वर्षातून एकदा ऐकतो.

पेट्रोल ऑटोमॅटिक बुक केली. डिलिव्हरी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी देतो म्हणालेत, म्हणजे लेक सणाला घरी येईल ती नव्या गाडीतून. एकच विचारायचंय, हिला ई-20 पेट्रोलचा त्रास नाही ना?

गिरणातीर, चाळीसगाव

एप्रिल 2023 नंतर बनलेल्या गाड्या ई-20 धरूनच बनवतात, इंजिनाला काही होत नाही. मायलेज मात्र थोडं कमी देते. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ताकद कमी, आणि ते वीस टक्के मिसळलंय. हायब्रिड घेतली असती तरी तेच झालं असतं, पंप सगळ्यांना एकच.

भुसावळची_ताई

अभिनंदन! आणि वहिनींना सुरुवातीला पंधरा दिवस तुमच्याशेजारी बसवून शिकवू नका. मैदानावर एकटीला सोडा. नवरा शेजारी बसला की ऑटोमॅटिकचंसुद्धा मॅन्युअल होतं.

पांझरापार, धुळे

गुण कापलेले मान्य. रंग काळा घेऊ नका सर, आपल्या धुळीत दिवसाला दोनदा पुसावा लागतो. आणि सीट कव्हरच्या आधी डायरी घ्या.

बोरीकाठ, अमळनेर

पांढराच घेतला. गाडी येऊन महिना झाला. डायरी घेतली, पेन रबराने बांधला. पहिली खरी नोंद, टाकी फुल ते टाकी फुल: 438 किमी, 31.5 लिटर. 13.9.

आप्पा, तुम्ही हायवेला 16 म्हणाला होतात! एक नाशिक फेरी, गावात फारच थोडी. एसी पूर्ण वेळ एकवर नाही, तीनवर. आईचा हुकूम.

पांझरापार, धुळे

वैशाखात तीनवर एसी म्हटल्यावर माझीही पडते, सर. तरी हिशेब करून पाहिला. माझे आकडे तेच ठेवले आणि तुमचे 13.9 धरले, तर वसुली सव्वासातवरून सव्वापाच वर्षांवर येते.

धाकट्याला सांगू नका.